आखूड दस्त्याची रायफल

३ मार्च २००२, रविवार. प्लेनो.

आज लोरीननी त्यांची रायफल माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतले.

सहा रविवार मी रेंजवर जाते आणि फक्त दुर्बिणीमागे बसते. नेमबाज उभ्याने पोलादी प्राण्यांच्या आकृत्यांवर मारतो, मी शेजारून सांगते: वर, खाली, डावीकडे. पहिल्यांदा ऑफिसातल्या शेजारच्या क्युबिकलमधला ग्रेग घेऊन गेला होता. त्याची नोकरी गेली, तो ओहायोला परतला. मी जात राहिले. का, ते अजून लिहिता येत नाही.

लोरीन एकाहत्तर वर्षांच्या. रेंजच्या प्रमुख. पांढरी वेणी, आवाज असा की भोंग्याची गरज नाही. म्हणाल्या, "सहा आठवडे लोकांच्या चुका मोजतेस. आता स्वतःच्या मोज."

"मला चालत नाही."

"येत नाही?"

"येतं. चालत नाही."

मग सांगावं लागलं. एच-वन व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेणं सोडाच, हातात धरणंही कायद्याने मना. अपवाद थोडेच. नियम छापून काढलाय, दोनदा वाचलाय.

"कायदा वाचून इथे आलेली तू पहिलीच," लोरीन म्हणाल्या. "अपवाद कोणते?"

"आपल्या कामाचा एकच. शिकारीचं चालू लायसन्स."

त्यांनी माझ्या डब्याकडे पाहिलं. पोळी आणि फरसबीची भाजी. हसताना चष्मा काढून पुसावा लागला त्यांना.

७ मार्च, गुरुवार

कपातीची तिसरी फेरी. आमच्या रांगेत अकरा होतो, आता चार. माझं नाव नव्हतं. दहा वाजता एकेकाला खोलीत बोलावलं, साडेअकराला खोके घेऊन माणसं पार्किंगमध्ये.

माझं गणित साधं आहे. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की देश. व्हिसा १४ जून २००३ पर्यंत. ग्रीन कार्डाची पहिली पायरीच, लेबर खात्याची मंजुरी, गेल्या वर्षापासून अडकलेली.

घरी आले तर शलाका (रूममेट, पुण्याची, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये) सूटकेस उघडून बसलेली. "काही नाही गं, नुसतं मोजत होते किती मावतं."

१० मार्च, रविवार

दुर्बीण. दिवसभर वारा.

का जाते, ते आज थोडं कळलं. कॉलेजात नेमबाजीच्या कॅम्पला होते. दहा दिवस मला एकच रायफल मिळाली, नंबर अजून आठवतो, शेवटचे तीन आकडे ४१७. ती किंचित उजवीकडे मारायची, मी किंचित डावीकडे धरायची. जमलं होतं आमचं. निवडीच्या सकाळी ती दुसरीला दिली. मला जी आली तिची माशी, नळीच्या टोकावरची नेमाची खूण, सैल होती. यादीत माझं नाव खालून दुसरं.

कोणी चूक केली असं नाही. रायफल त्यांची, वाटप त्यांचं. बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आपलं माप आपल्याकडे असावं." बाबा नागपूरजवळच्या दारूगोळा कारखान्यात गेज, मापाची हत्यारं, तपासायचे. एकोणतीस वर्षं.

मला माझी रायफल हवी आहे. लिहून टाकलं.

१३ एप्रिल, शनिवार

लायसन्ससाठी शिकारीच्या शिक्षणाचा वर्ग. चर्चमागचा हॉल. आज आणि उद्या. चौतीस जण, त्यात मुलं बरीच. साडीचोळीत नसले तरी सगळ्यांना दिसणारी मी एकटी.

शिक्षक निवृत्त वनरक्षक. हरणाचं कापडी चित्र, त्यावर फुप्फुस, हृदय, यकृत वेगवेगळ्या रंगांत. कुठून मारलं तर कुठे लागतं. चित्र स्वच्छ होतं, मशीन ड्रॉइंगसारखं, म्हणून चाललं. दुपारी कातडं कसं सोडवायचं ते. आमच्या घरी अंडंही येत नाही. मी वहीत बाण काढत राहिले.

मधल्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "मॅम, पहिल्या सीझनला काय मारणार? हरीण की डुक्कर?"

"डुक्कर," मी म्हटलं. "पोलादी. पन्नास मीटरवर."

"ते फार चिवट लागतं," म्हणाले आणि कॉफी ओतायला गेले.

१४ एप्रिल, रविवार

परीक्षा पास. पन्नासात एक चुकला. चुकलेला प्रश्न मांस किती वेळात थंड करावं, हा.

११ मे, शनिवार

लायसन्स काढलं. मोठ्या दुकानात, मागच्या बाजूला, मासेमारीच्या गळांशेजारी काउंटर. बाई म्हणाली, "वर्षाचं देऊ?" हो म्हटलं. छापील लांब कागद, मारलेल्या हरणाला बांधायचे टॅग खाली लटकलेले.

श.ने तो फ्रिजवर लावायला मागितला. "पुण्याला फोटो पाठवते. 'आमची वाघीण, परवाना क्रमांक अमुक.'"

दिला नाही. फाइलमध्ये गेला: पासपोर्ट, देशात आल्याची नोंद म्हणजे आय-नाइंटी-फोर, एच-वनचं पत्र, त्यामागे हरीण.

१२ मे, रविवार

नऊ वर्षांनी हातात रायफल. लोरीनची. लिव्हर अ‍ॅक्शन: ट्रिगरखालची कडी पुढे ढकलायची, पुंगळी बाहेर, मागे ओढायची, पुढचं काडतूस आत. आवाज शिलाई मशीनच्या झाकणासारखा.

खेळ असा. पोलादी कोंबड्या चाळीस मीटरवर, डुकरं पन्नास, टर्की सत्त्याहत्तर, मेंढे शंभर. पाच-पाचच्या रांगा. उभं राहून, पट्टा नाही, दुर्बीण नाही. पाचांना दोन मिनिटं. डावीकडून उजवीकडे, क्रम सोडायचा नाही. पडलं तर एक. लागून उभं राहिलं तर शून्य.

चाळीसपैकी पाच.

लोरीन माझ्यापेक्षा सात इंच उंच. त्यांच्या रायफलचा खांद्याला टेकवायचा दस्ता मला लांब, गाल पोचायला मान ताणावी लागते. "मी मरेपर्यंत वापर ही," त्या म्हणाल्या. "पण हिने तू कधीच मारणार नाहीस. तुझी घे."

१६ मे, गुरुवार

श. भाजी चिरताना: "यार, नोकरीचा भरवसा नाही आणि तू रायफल घेतेस? लोक अशा वेळी सोनं घेतात. हलकं, बॅगेत मावतं."

"मावण्यासारखं घ्यायचं नाहीये."

बोलून गेले. तिने कांदा बारीक चिरला, एरवी मोठाच ठेवते.

२ जून, रविवार

तीन उमेदवार. तिन्ही पॉइंट टू-टू बोअरच्या, लिव्हरवाल्या. हँककडून. हँकचं दुकान इथून उत्तरेला चाळीस मिनिटं. तो स्वतः आमच्या रेंजवर मारतो, म्हणून करून पाहायला तिन्ही घेऊन आला.

अ: नवी. नळी अष्टकोनी, वजनदार, लाकूड आरशासारखं.

ब: दहाएक वर्षांची. हलकी. लिव्हर लोण्यासारखी. ट्रिगर वाईट.

क: जुनी. कोणीतरी दस्ता दीड इंच कापलाय, करवत थोडी तिरकी गेली आहे. टोकाला रबराची गादी, दोन स्क्रू, दोन वेगळ्या जातींचे. हँक म्हणाला, "एकाने मुलीसाठी कापली. मुलगी वाढली, रायफल तेवढीच राहिली." कापलेली म्हणून कोणी घेत नाही.

पाहताक्षणी क यादीतून काढणार होते. पद्धत म्हणून ठेवली.

१६ जून, रविवार

चाचणी. टेबल, वाळूची पिशवी, पन्नास मीटर, एकाच खोक्यातली काडतुसं, पाच-पाच गोळ्यांचे चार गट, प्रत्येकीला. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर, सरासरी:

अ १४ मिमी. ब १९. क २७.

निर्णय सरळ आहे. अ. तक्ता छापून लोरीनना दाखवला. त्यांनी नीट, शेवटपर्यंत वाचला.

"सुंदर. मॅचच्या दिवशी हे टेबल कुठे ठेवणार आहेस?"

मी तक्त्याची घडी घातली.

"उभी राहा. डोळे मीट. रायफल खांद्याला लाव. आता उघड."

अ: माशी खाली, डावीकडे. मान वळवून शोधावी लागली.

ब: जवळपास.

क: डोळे उघडले आणि माशी मागच्या नेमाच्या छिद्राच्या मधोमध, माशीवर कोंबडी. मी काहीच केलं नव्हतं.

"एकदा झालं ते माप नाही," मी म्हटलं.

"मग मोज," लोरीन म्हणाल्या आणि सँडविच खायला गेल्या.

वीस-वीस वेळा. बरोबर आलेल्या: अ ४, ब ९, क १७.

१७ जून, सोमवार

ऑफिसात डबा खाताना हिशेब केला. उभ्याने माझं डोलणं सुमारे १५० मिमी. रायफलची चूक आणि माझी चूक, दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ.

अ धरून: १५०.७. क धरून: १५२.४.

फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही. चार तास मी टेबलाची परीक्षा घेतली. जी चूक दहापट मोठी आहे ती मोजलीच नाही, कारण ती माझी होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचं गणित आहे हे.

तक्ता फाडला नाही. मागच्या बाजूला दुसरा केला.

३० जून, रविवार

हँकने क वर माझ्या नावाची चिठ्ठी बांधली आहे. जुलैअखेरपर्यंत. "पुढे कोणी आलं तर द्यावी लागेल," म्हणाला. कापलेली रायफल घ्यायला कोण येणार, असं वाटतं. ४१७ च्या वेळीही मला असंच वाटलं होतं.

चाळीसपैकी आठ, लोरीनच्या रायफलने.

१० जुलै, बुधवार

बोलवा आहे की ऑक्टोबरात चौथी फेरी. आमची टेस्ट लॅब दुसऱ्या इमारतीत हलवणार म्हणतात. हलवणार म्हणजे ठेवणार, असं मॅनेजर म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "यावरून काही ठरवू नकोस."

२१ जुलै, रविवार

बाबांना फोन. कॉलिंग कार्डावर बावीस मिनिटं. पाऊस, गुडघा, शेजारच्या काकूंच्या मुलाचं लग्न. मग मी विचारलं, सहज: समजा एखाद्या खटक्याला किती वजनाने सुटतो ते घरी मोजायचं आहे, स्प्रिंगचा काटा नाही, तर कसं?

"पाण्याची बाटली. दोरीने लटकवायची, हळूहळू पाणी ओतायचं. सुटला की बाटली तोलायची." मग: "कशाचा खटका?"

"असाच."

"असाच खटका नसतो, बेटा. ट्रिगर तोलून राहिली का तू?"

कार्डाची मिनिटं जात होती.

"लांबी बघितली का? दस्त्याची?"

"हो. आखूड आहे. मला बरोबर."

"मग बाकी सारं दुरुस्त होते. लांबी होत नाही." आणि हळू आवाजात: "आईला मी सांगत नाही. तू सांग."

रायफल हा शब्द दोघांपैकी कोणीच उच्चारला नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

हँककडे गेले. चिठ्ठीची मुदत बुधवारीच संपली होती. रायफल भिंतीवर नव्हती. दारातच पाय थांबले.

काउंटरखालून काढली त्याने. "एक जण विचारत होता. मी म्हटलं, दुरुस्तीला आहे."

फॉर्म. नागरिक? नाही. व्हिसावर? हो. अपवाद? हो, शिकारीचं लायसन्स. नव्वद दिवस याच राज्यात राहिल्याचे पुरावे: तीन महिन्यांची विजेची बिलं, क्रमाने, टाचलेली. हँक म्हणाला, इतकी टापटीप फाइल त्याने फक्त घटस्फोटाच्या वकिलाकडे पाहिली आहे.

दुकानात आणखी दोघं होते, बोलायचे थांबले. गेल्या सप्टेंबरपासून मी अशा जागी पासपोर्ट आधी काउंटरवर ठेवते, हात नंतर. त्यातला एक जण जवळ आला, दस्ता बघितला, म्हणाला, "मुलासाठी का?"

"माझ्यासाठी."

"मग स्क्रू बदला, मॅम. पितळी घाला." आणि गेला.

हँकने सरकारी तपासणीला फोन लावला. उत्तर: थांबा. तीन कामाचे दिवस. थांबायची मला सवय आहे. ग्रीन कार्डवाल्यांकडून असं तीन दिवसांत उत्तर आलं तर पेढे वाटीन.

८ ऑगस्ट, गुरुवार

आली.

कुलपाची पेटी, कपाटात, गाद्यांमागे. काडतुसं वेगळ्या कपाटात. श.ला दोन्ही किल्ल्या कुठे नाहीत ते सांगितलं.

खटक्याला बाटली लावली. १.९ किलो; बाबांना कळवलं. लोरीनची १.२. होईल.

११ ऑगस्ट, रविवार

एकोणचाळीस डिग्री. नळीला हात लागत नाही.

चाळीसपैकी अकरा. दर गोळीनंतर लिव्हर मारताना ती खांद्यावरून हलत नाही, हे नवीन. लोरीननी वहीत लिहिलं, दाखवलं नाही. "एक सप्टेंबरची मॅच. नाव घालते."

१८ ऑगस्ट, रविवार

अकरा. पुन्हा अकरा. मेंढे चांगले, कोंबड्या वाईट. सगळ्यांचं उलट असतं. लोरीन म्हणतात, जवळचं दिसलं की मी घाई करते.

आठवडाभर संध्याकाळी दिवाणखान्यात सराव, आत जुनी रिकामी पुंगळी घालून, कॅलेंडरवरच्या काळ्या ठिपक्यावर. श. दार उघडून: "आत येऊ, की आधी हात वर करू?" मग सोफ्यावर बसून मला बघत राहिली. "तू श्वास थांबवतेस ना, तेव्हा कपाळावरची आठी जाते. ऑफिसच्या कामात पण तसंच करत जा."

१ सप्टेंबर, रविवार

क्रमाने लिहिते.

साडेसातला रेंजवर. सव्वीस नेमबाज. मी दुसऱ्या तुकडीत. रायफल कट्ट्यावर, लिव्हर उघडी, नळी मातीच्या बांधाकडे. सगळे पारव्यांबद्दल बोलत होते. आज पारव्यांच्या शिकारीचा पहिला दिवस, निम्मे लोक तिकडे. साडेनऊला लोरीन यादीवर खुणा करत आल्या. "गर्दी होती का गं, नवं लायसन्स काढायला?"

"माझं मेमधलंय. वर्षाचं."

त्यांची पेन्सिल थांबली.

फाइल गाडीत होती. कागद काढला. हरणाच्या टॅगवर, बारीक टाइपात: वैध ३१ ऑगस्ट २००२ पर्यंत.

यांचं वर्ष शिकारीचं. पहिल्या सप्टेंबरला सुरू होतं, कधीही काढलं तरी ऑगस्टअखेर संपतं. ते काउंटरवरच्या बाईला माहीत, हँकला माहीत, त्या हॉलमधल्या मुलांना माहीत. मला पासपोर्टची तारीख पाठ. व्हिसाची, आय-नाइंटी-फोरची, लेबरची, गाडीच्या विम्याची पाठ. हरणाची वाचली नाही. हरणाकडून काही होईल असं वाटलंच नव्हतं.

म्हणजे मध्यरात्रीपासून रायफल माझ्याजवळ असणं बेकायदा. सकाळी मी ती गाडीत घालून बेचाळीस मैल आणली होती.



लोरीनना म्हटलं, "मी हिला आता हात लावू शकत नाही." आणि तीन पावलं मागे गेले.

त्यांनी विनोद केला नाही. रायफल उचलली, रिकामी असल्याचं पाहिलं, स्वतःच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. "दुकान बावीस मिनिटांवर. माझी शेवटची तुकडी साडेदहाला. गाडी नीट चालव. दंडाचं तिकीट मिळालं तर तेही फाइलमध्ये लावावं लागेल तुला."

दुकानात काउंटरसमोर तीसेक माणसं, सगळी झाडाच्या रंगाचे कपडे घालून. मी पांढऱ्या शर्टात. पुढचा म्हातारा वळून म्हणाला, "पारवे?"

"कोंबड्या."

"कोंबड्यांना लायसन्स लागतं?"

"मला लागतं."

त्याने काय समजून घेतलं ठाऊक नाही, पण मी सारखी घड्याळ बघतेय हे त्याने पाहिलं असावं. पुढच्या दोघांना म्हणाला, "या बाईंना जाऊ द्या रे, यांची वाट बघतायत." रांग सरकली. पंचवीस माणसांनी मला पुढे जाऊ दिलं, एकानेही कारण विचारलं नाही.

नवा कागद. वैध ३१ ऑगस्ट २००३ पर्यंत. मोठ्याने वाचला. बाई म्हणाली, "हो, तेच लिहिलंय."

दहा पन्नासला परत. शेवटची तुकडी टर्कीवर पोचलेली. नियम: गेलेलं परत मिळत नाही. कोंबड्या शून्य, डुकरं शून्य. लोरीननी नवा कागद घेतला, चष्मा कपाळावर सारून तारीख वाचली, मग पेटी उघडली.

टर्की दहापैकी दोन.

मेंढे, पहिली रांग: दोन.

दुसरी रांग. पहिला पडला. दुसरा. तिसरा. चौथा. शंभर मीटरवरचा आवाज गोळीनंतर येतो, मध्ये एक कोरी जागा असते, त्यात आपण असतो. पाचवा: वाजला. हलला. मागे झुकला, पुन्हा पुढे आला, उभा राहिला.

शून्य.

चाळीसपैकी आठ. यादीत सगळ्यांत खाली, या खेपेला खालून दुसरीही नाही.

लोरीन म्हणाल्या, "वीसांतले आठ." मी म्हटलं, "चाळीसांतले." त्या म्हणाल्या, "मी माझ्या वहीत माझं लिहीन."

रायफलच्या रकान्यात क्लबची, उसनी, स्वतःची असे तीन चौकोन होते. तिसऱ्यात खूण केली.

३ सप्टेंबर, मंगळवार

व्हिसाच्या वकिलांना फोन करून रविवारचं जसंच्या तसं सांगितलं. वेळांसकट. ते म्हणाले, सगळं लिहून ठेवा, पुन्हा होऊ देऊ नका. यातून पुढे काही होईल असं त्यांना वाटत नाही. "वाटत नाही" हे माप नाही. पण तेवढंच आहे.

तारखांच्या कागदावर, सर्वांत वर, लाल शाईने: हरीण, ३१ ऑगस्ट.

८ सप्टेंबर, रविवार

आईला सांगितलं. परवा गणपती बसणार, ती मोदकांच्या पिठाबद्दल बोलत होती, मध्येच सांगून टाकलं.

"कोंबड्या मारतेस?"

"लोखंडाच्या, आई."

"लोखंडाच्या का असेनात. चतुर्थीला नको मारू."

"मॅच रविवारी असते."

"मग ठीक." आणि पुढे: "तुझ्या बाबांना माहीत होतं वाटतं. जुलैपासून हा माणूस बाटलीत पाणी भरून दाराला लटकवतोय. मला वाटलं, म्हातारपण."

मागून बाबांचा आवाज: "विचार तिला, एक पॉइंट नऊच आहे का अजून?"

आता एक पॉइंट पाच. हँकने करून दिला. पितळी स्क्रूही बसवले.

२२ सप्टेंबर, रविवार

चाळीसपैकी बारा. श. सोबत आली, "नुसती बघायला". लोरीननी तिला दुर्बिणीमागे बसवलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मंगळवारी सकाळी दहाला सगळ्यांची मीटिंग. मेलमध्ये कारण दिलेलं नाही. मागच्या तिन्ही वेळांनाही दिलं नव्हतं.

रांगेतला एक जण आजच पुस्तकं घरी घेऊन गेला. मी लॅबमधलं मोजमाप पूर्ण केलं. दोन तासांचं होतं, सहा लागले.

६ ऑक्टोबर, रविवार

मॅच. गार, वारा नाही. लायसन्स खिशात.

श. दुर्बिणीवर. घाबरली की तिचं इंग्रजी जातं. "वर! अजून वर! अगं, वर म्हणतेय ना, कोंबडीच्या पायात काय मारतेस!" पलीकडच्या नेमबाजाने रायफल खाली घेऊन तिच्याकडे पाहिलं. लोरीनना विचारलं, आवाज करण्यावर नियम आहे का. "आहे," त्या म्हणाल्या. "पण मला समजत नाही ती काय बोलतेय, त्यामुळे लावता येत नाही."

वर धरलं. कोंबड्या तीन. डुकरं तीन. टर्की दोन. मेंढे सात.

पंधरा.

पाचवा मेंढा, तोच, उजव्या टोकाचा. वाजला, हलला, झुकला. या वेळी मी रायफल खाली घेतली नाही, माशी तिथेच ठेवून बघत राहिले. पडला.

पुढच्या वर्षाच्या सभासदत्वाचा फॉर्म लोरीननी सगळ्यांना वाटला. मला देताना म्हणाल्या, "मंगळवारनंतर भर हवा तर." शलाकाने सांगितलं असणार. मी तिथेच भरला, कट्ट्यावर, त्यांच्या पेन्सिलीने. पत्ता लिहिताना हात थांबला नाही.

संध्याकाळी नेमाचा तक्ता केला. कुठल्या अंतराला मागचं छिद्र किती क्लिक वर फिरवायचं. थंडीत गोळी सावकाश जाते, म्हणून दर महिन्याला वेगळे आकडे लागतील. आडवे: चाळीस, पन्नास, सत्त्याहत्तर, शंभर. उभे: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, आणि पुढे कागद होता म्हणून ऑगस्टपर्यंत. लायसन्स तिथपर्यंत आहे. व्हिसा जूनपर्यंत. मंगळवार परवा.

ऑक्टोबर भरला. बाकीचे आखून ठेवले आहेत.